७२ तास आमच्यासाठीच का?



हरभऱ्याचा विमा भरायची शेवटची तारीख १५ डिसेंबर. काल संध्याकाळी पारावर हाच विषय निघाला. दहा जण बसले होते, त्यातले सात म्हणाले, "यंदा भरत नाही. पैसे भरून कोणाला काय भेटलं?" मी भरणार आहे. पण त्या सात जणांना मी खोटं पाडू शकलो नाही, कारण गेल्या वर्षी आमच्याच बांधाला जे घडलं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. ते इथे लिहून ठेवतो. या पेजवर मी नेहमी फवारणी, पेरणी, भाव असं लिहितो. आज जरा वेगळं, पण विषय शेतातलाच आहे.

आमचं गाव परभणी-हिंगोलीच्या सीमेवर. २०२४ चा सप्टेंबर तुम्हाला आठवत असेल. १ आणि २ तारखेला मराठवाड्यात जो पाऊस पडला, त्यात आमचा ओढा दोन्ही काठ सोडून वाहिला. ओढ्याकडेला माझं दोन एकर सोयाबीन आणि बांधाला लागून काकूचं एक एकर. काकू म्हणजे आमच्या भावकीतल्या, काका जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा पुण्याला कंपनीत, शेत काकूच बघतात. त्यांचं सोयाबीन जेएस ९३०५, लवकर येणारं, १५ जूनच्या सुमाराला पेरलेलं. शेंगा भरत आल्या होत्या. पाणी दोन दिवस उभं राहिलं. तिसऱ्या दिवशी उतरलं तेव्हा खालच्या शेंगा काळ्या पडल्या होत्या, अर्ध्याच्या वर झाड आडवं.

तेव्हा नियम असा होता की शेतात पाणी शिरून नुकसान झालं तर ७२ तासांच्या आत कंपनीला कळवायचं. १४४४७ ला फोन लावायचा नाहीतर क्रॉप इन्शुरन्स ॲपवर फोटोसह टाकायचं. २ तारखेला दुपारी आमच्या गावात रेंज नव्हती. मी टेकडीवर जाऊन माझी तक्रार टाकली, मग काकूच्या मुलाला फोन करून त्यांचीही टाकायला लावली. डॉकेट आयडी आला. काकूने तो नंबर कॅलेंडरवर लिहून ठेवला, दुधाच्या हिशोबाच्या शेजारी.

आता पुढचं नीट वाचा. सूचना मिळाली की ४८ तासांत पाहणीसाठी माणूस नेमायचा, पुढच्या १० दिवसांत पाहणी पूर्ण करायची, आणि अहवालानंतर १५ दिवसांत पैसे द्यायचे. हे मी मनाने सांगत नाही, योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलेलं आहे. आमच्याकडे माणूस आला २४ सप्टेंबरला. म्हणजे बाविसाव्या दिवशी.

मधल्या काळात उघडीप मिळाली. काकूने २० तारखेला मजूर लावून जे उरलं होतं ते कापून घेतलं. कापायलाच पाहिजे होतं. तयार सोयाबीन शेतात ठेवलं तर शेंगा तडकतात, परत पाऊस आला तर दाण्याला कोंब फुटतात. हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. दोन पोतीही भरली नाहीत आणि त्यातला दाणा असा डागी की व्यापाऱ्याने हातात घेऊन परत टाकला.

पाहणीला आलेलं पोरगं पंचवीसेक वर्षांचं. त्याने काकूच्या फॉर्मवर लिहिलं, "पाहणीवेळी पीक शेतात आढळले नाही." काकू म्हणाल्या, "मंग म्या काय करावं बाप्पा? साहेब येईस्तोर दाणे शेतात सडू द्यावे का?" त्या पोराकडे उत्तर नव्हतं. तो म्हणाला, मावशी, मला जे दिसतं ते लिहायचं आहे. काकूने अंगठ्याऐवजी सही केली, काका असताना शिकल्या होत्या तेवढीच सही. डिसेंबरात मेसेज आला, दावा नामंजूर.

माझ्या शेतात पीक उभं होतं, कारण माझं एमएयूएस १६२, जरा उशिरा येणारं. माझा फॉर्म त्याने भरला, पण नुकसानीच्या टक्क्याची जागा कोरी ठेवली. म्हणाला, ऑफिसात भरतो, घाई आहे, आज तीस शेतं करायची आहेत. आणि मी दहावी पास माणूस, सोसायटीच्या निवडणुकीत लोकांना कागद वाचून सही करा म्हणून सांगणारा, मी त्या कोऱ्या जागेखाली सही केली. पुढे कळलं की तिथे ३० टक्के लिहिलं. त्याच गटाचा तहसीलने अतिवृष्टीच्या मदतीसाठी पंचनामा केला होता. ती मदत मिळायला ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान लागतं, आणि माझं नाव त्या यादीत होतं. म्हणजे एकच गट, एकच पाणी, एकच ओढा. सरकारच्या कागदावर ३३ च्या वर आणि कंपनीच्या कागदावर ३०.

त्या तीस टक्क्यांचेही पूर्ण पैसे आले नाहीत. विचारल्यावर सांगितलं की नुकसान झालं त्या दिवसापर्यंत पिकाला जेवढा खर्च झालेला असतो, त्या प्रमाणात भरपाई मिळते. नियम खरा आहे. हंगामाच्या मध्यावर पीक गेलं तर पुढचा खर्च वाचतो, हे मलाही पटतं. पण माझा खर्च त्यांनी निम्म्याच्याही आत धरला. आता कृषी पदवीधर मित्रांनी मला सांगावं, शेंगा भरण्याच्या अवस्थेत सोयाबीनचा कोणता खर्च बाकी राहतो? नांगरट, बियाणं, खत, तणनाशक, दोन-तीन फवारण्या, कोळपणी, खुरपण हे सगळं होऊन गेलेलं असतं. बाकी राहते काढणी आणि मळणी. ते निम्म्याहून जास्त कधीपासून व्हायला लागलं?

मी माझ्या पैशाचं दुःख इथे सांगत बसणार नाही. सही मी केली, चूक माझी. पण काकूचं प्रकरण सोडवत नव्हतं. जानेवारीत तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडे अर्ज दिला. तहसीलदार त्याचे अध्यक्ष असतात, कृषी अधिकारी असतात, कंपनीचा प्रतिनिधी असतो. अर्जाला चार कागद लावले. डॉकेट आयडीचा मेसेज, २ सप्टेंबरचे तारीख असलेले फोटो, ई-पीक पाहणीची नोंद आणि तहसीलच्या पंचनाम्याच्या यादीतलं नाव. भाषण काहीच केलं नाही. काकूंना सोबत नेलं होतं, त्या खुर्चीच्या कडेला बसून राहिल्या.

कंपनीच्या प्रतिनिधीने त्यांचा फॉर्म काढून दाखवला की बघा साहेब, शेतात पीकच नव्हतं. तहसीलदारांनी फॉर्म हातात घेतला, तारीख वाचली आणि विचारलं, "सूचना २ तारखेची, पाहणी २४ ची. मधल्या दिवसांचं काय?" प्रतिनिधी म्हणाले, त्या आठवड्यात तक्रारी फार होत्या, मनुष्यबळ कमी पडलं. तहसीलदार म्हणाले, "मनुष्यबळ तुमचं कमी पडलं, पीक यांचं नामंजूर केलं." समितीने काकूच्या बाजूने शिफारस केली. पैसे आले ऑगस्टमध्ये, सात हजारांच्या आसपास. नुकसान झाल्यापासून अकरा महिन्यांनी. उशीर कंपनीमुळे झाला तर वर्षाला १२ टक्के व्याज देण्याची तरतूद आहे. व्याजाचा एक रुपया आला नाही, आणि त्यासाठी परत चकरा मारायची ताकद काकूत नाही. त्या मला म्हणाल्या, "आलं ते आलं, आता बास."

मला राग त्या "आता बास" चा येतो. आपण थकतो, यावरच हे सगळं चालतं.

माझं म्हणणं साधं आहे. शेतकऱ्याने ७२ तासांत कळवलं नाही तर दावा बाद होतो. कंपनीने १० दिवसांत पाहणी केली नाही तर काय होतं? काहीच नाही, उलट त्या उशिराचाच फायदा तिला मिळतो. जो उशीर करतो त्यालाच उशिराचा फायदा, असा व्यवहार आपण गावात बैलजोडीच्या सौद्यातही चालू देत नाही. माझी मागणी अशी की वेळेत पाहणी झाली नाही तर शेतकऱ्याने टाकलेले फोटो आणि महसूल-कृषीचा पंचनामा हाच अंतिम धरावा. कंपनीला मग पीक दिसलं नाही असं म्हणायचा अधिकार राहू नये.

हे काही मी एकटाच म्हणत नाही. धाराशिव जिल्ह्याचं २०२० च्या खरिपाचं प्रकरण जुन्या वाचकांना माहीत आहे. ऑक्टोबरच्या पावसात सोयाबीन गेलं, सरकारने पंचनामे केले, पण ७२ तासांत कळवलं नाही म्हणून लाखो शेतकऱ्यांना भरपाई नाकारली. लोक औरंगाबाद खंडपीठात गेले. मे २०२२ मध्ये शेतकऱ्यांच्या बाजूने निकाल लागला, पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. जिथे सगळ्या जिल्ह्याने पाऊस पाहिला, सरकारी पंचनामे झाले, तिथे एका फोनसाठी अख्खा दावा बुडवता येणार नाही, हाच त्याचा अर्थ मी घेतो.

दुसरं उदाहरण बघा. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना आधी विमा कंपनीमार्फत होती. घरातला कर्ता माणूस सर्पदंशाने, वीज पडून, विहिरीत पडून गेला, तर त्याच्या बायकोला कागदातल्या त्रुटी दाखवून फिरवायचे. २०२३ मध्ये सरकारने त्यातून विमा कंपनीच काढून टाकली आणि सानुग्रह अनुदान थेट द्यायचं ठरवलं. २ लाख रुपये मृत्यूला. म्हणजे सरकारलाही दुखणं कळलेलं आहे. अपघाताला जमलं, मग पिकाच्या पाहणीवर निदान अंकुश तरी का जमू नये?

आता आपल्या लोकांचंही बोललं पाहिजे, नाहीतर ही पोस्ट एकतर्फी होईल. २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात विमा आला. चांगली गोष्ट होती, पण काहींनी गायरानावर, देवस्थानाच्या जमिनीवर, दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर विमे काढले. शेतात ऊस आणि विमा सोयाबीनचा, अशीही उदाहरणं निघाली. आमच्याच शिवारात माळावरच्या शेतात थेंबभर पाणी न साचलेल्यांनी ॲपवर तक्रारी टाकल्या. मग कंपनी म्हणते, इतक्या तक्रारी, आम्ही तरी किती पुरे पडायचं. खोट्या तक्रारीने काकूच्या खऱ्या तक्रारीची पाळी बाविसाव्या दिवसावर गेली, हे आपण मान्य केलं पाहिजे. सरकारचाही दोष आहे. राज्याचा हप्त्याचा वाटा वेळेवर जात नाही आणि कंपनीला आयतं कारण मिळतं की आमचेच पैसे आले नाहीत, आम्ही देऊ कुठून.

तिघांच्या भांडणात शिक्षा मात्र एकालाच झाली. २०२५ च्या खरिपापासून एक रुपया गेला, खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड टक्का, नगदी पिकाला ५ टक्के हप्ता परत आला. त्याचं मला वाईट वाटत नाही, फुकटाची किंमत राहत नाही. वाईट याचं वाटतं की शेतात पाणी शिरलं, गारपीट झाली, काढून ठेवलेलं भिजलं, यासाठी जी वैयक्तिक तक्रार करता येत होती तीच काढून टाकली. आता फक्त पीक कापणी प्रयोग. पाहणी नीट होत नव्हती तर पाहणी सुधारायची होती. पाहणीच बंद केली. गोठ्याचं दार मोडकं आहे म्हणून कोणी गोठा पाडतं का?

पीक कापणीचा हिशोब पुष्कळांना माहीत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. मागच्या ७ वर्षांतली चांगली ५ वर्षं घेऊन मंडळाची सरासरी काढतात. समजा ती हेक्टरी १५ क्विंटल आली. जोखीमस्तर ७० टक्के म्हणजे उंबरठा उत्पादन झालं साडेदहा क्विंटल. यंदा मंडळाचं उत्पादन ८.४ क्विंटल आलं तर तूट २.१ क्विंटल, म्हणजे उंबरठ्याच्या २० टक्के. विमा संरक्षित रक्कम सोयीसाठी हेक्टरी ५० हजार धरली तर हेक्टरी १० हजार मिळतील, मंडळातल्या सगळ्यांना सारखे. पण मंडळाचं उत्पादन १०.६ आलं तर कोणालाच काही नाही. माळावरच्याला बारा क्विंटल झालं आणि ओढ्याकडेच्या काकूचं वाहून गेलं, तरी काकूला शून्य. यंदाच्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पूर आला त्यात नदीकाठची माती खरवडून गेली. त्या शेतात पीक कापायला जागाच नाही. त्याची नोंद सरासरीत कशी आणि किती आली, हे प्रत्येक मंडळातल्या माणसाने विचारलं पाहिजे.

केंद्राने नोव्हेंबरमध्ये जाहीर केलं आहे की २०२६ च्या खरिपापासून रानडुकरासारख्या वन्यप्राण्यांनी केलेलं नुकसान आणि भातात पाणी साचण्याचं नुकसान परत विम्यात घेणार. चांगलंच आहे. पण ते भाताचं पाणी आणि आमचं सोयाबीनचं पाणी वेगळं आहे का? आणि ती तक्रारही ७२ तासांतच करायची आहे. म्हणजे पाहणीचा प्रश्न पुन्हा येणार. म्हणूनच आत्ताच बोललं पाहिजे.

माझ्या ठेचेवरून जे शिकलो ते लिहितो, पटलं तर घ्या.

कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. टक्का, तारीख, क्षेत्र, पिकाची अवस्था हे सगळं तुमच्यासमोर लिहिल्याशिवाय सही नाही. आणि भरलेल्या फॉर्मचा मोबाईलमध्ये फोटो काढा. पोरगं कुरकुर करील, करू द्या. तोही नोकरदारच आहे, त्याच्याशी भांडू नका, चहा पाजा, पण फोटो काढा. टक्का पटत नसेल तर सहीच्या वर "टक्केवारी मान्य नाही" एवढे तीन शब्द लिहा.

पाहणीच्या आधी पीक काढायची वेळ आली तर ओढ्याकडेला, मध्ये आणि वरच्या अंगाला असे थोडे तुकडे उभे ठेवा. काढण्याआधी तारखेसह फोटो, आणि कृषी सहायकांना मेसेज करून ठेवा की अमुक दिवशी काढतो आहे. कागद नसला तरी मेसेज राहतो.

ई-पीक पाहणी वेळेत करा. यंदापासून फार्मर आयडीही लागतो. विमा एका पिकाचा आणि नोंद दुसऱ्या पिकाची निघाली तर तिथेच बाद.

नामंजुरीचं कारण लेखी मागा. "नामंजूर" एवढ्या एका शब्दावर घरी येऊ नका. आधी तालुका समिती, मग जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा समिती. तिथेही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग, दोन वर्षांच्या आत. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे तक्रारीला फी लागत नाही.

पीक कापणी प्रयोगाला हजर राहा. कोणत्या गटात आहे ते कृषी सहायक, तलाठी, ग्रामसेवक यांना विचारा. कंपनीचा माणूस हजर राहू शकतो, तर ज्याचं शेत त्या गावात आहे तो का नाही? वजन करताना काटा बघा, ओलावा बघा, लिहिलेला आकडा बघा. नंतर १० रुपयांच्या माहिती अधिकारात मंडळाचे आकडे मागता येतात.

कृषी सहायक मित्रांनाही हात जोडून विनंती. या पेजवर तुमच्यापैकी बरेच आहेत. तुमच्यावर कामाचा बोजा किती आहे ते मी जाणतो, एकेकाकडे पाच-सहा गावं. पण कंपनीच्या माणसाने गाडीच्या बॉनेटवर ठेवून दिलेल्या शंभर फॉर्मवर एकदम सही करू नका. तुमची सही म्हणजे आमच्या बाजूने उभा असलेला एकमेव जाणकार माणूस. तुम्ही बांधावर येऊन एक शेंग फोडून बघितली, तरी टक्क्यात फरक पडतो.

आणि विमा भरायचा की नाही? मी भरणार आहे. हरभरा चार एकर आहे, घाटे धरताना काय होईल ते कोणाच्या हातात नाही. न भरणाऱ्याला मी वेडा म्हणणार नाही, त्याने दोनदा मार खाल्लेला आहे. पण आपण बाहेर पडलो तर विचारणारा कोणी राहत नाही. पैसे भरून, पावती जपून, जाब विचारत राहायचं, एवढंच आपल्या हातात आहे.

काकूंना काल विचारलं, भरता का. त्या म्हणाल्या, "तू फार्म वाचून देणार असशील तर भरते." उद्या सकाळी त्यांना घेऊन सेवा केंद्रात जातो आहे.

तुमच्याकडे असा अनुभव असेल तर सूचना कधी दिली, पाहणी कधी झाली आणि कारण काय लिहिलं, या तीनच गोष्टी खाली लिहा. शिव्या लिहू नका, तारखा लिहा. पन्नास-शंभर जणांच्या तारखा जमल्या तर जिल्हा समितीपुढे ठेवायला मी स्वतः जाईन.

चूकभूल द्यावी घ्यावी. राम राम.